न छाटण्याचे पैसे

पहिल्या वर्षी मर्व्हिन एन्डाकॉटनं मोठ्या रस्त्याकडचं कुंपण छाटलं नाही, तेव्हा लोकांना वाटलं ट्रॅक्टर बिघडला असेल. दुसऱ्या वर्षीही छाटलं नाही, तेव्हा लोक बोलायचे बंद झाले. आमच्या डेव्हनच्या या कोपऱ्यात लोक बोलायचे बंद झाले की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

एरवी इथं कुणी कुणाचं कौतुक करत नाही. माया असली की थट्टा करतात, फार माया असली की चारचौघांत करतात. नवरीमुलीला 'आज आंघोळ केलेली दिसते' असं म्हणणारे हे लोक. एखाद्याशी कुणी अदबीनं बोलायला लागलं, तर तो बँकेचा माणूस असतो नाहीतर त्यानं काहीतरी केलेलं असतं.

आणि माणसाची पारख करायची तर त्याचं कुंपण बघायचं. दगडमातीचा बांध, त्यावर दाटीनं वाढवलेली हेझल, काटेरी ब्लॅकथॉर्न अशी झुडपं, आणि दर सप्टेंबरात वरून आणि बाजूनं मारलेली चौकोनी छाट. मर्व्हिनच्या कुंपणाचा माथा इतका सपाट असे की त्यावर चहाचा कप ठेवला तर सांडला नसता. बाप गेला त्या आठवड्यातही त्यानं छाटणी चुकवली नव्हती. नोव्हेंबरातल्या कुंपण निजवण्याच्या स्पर्धेत, म्हणजे उभी खोडं बुंध्याशी अर्धीअधिक कापून बांधावर आडवी निजवायची आणि लाकडी आकड्यांनी जखडायची, त्यात त्याचा कप ठरलेला. चांदीचा तो कप त्याच्याकडे इतकी वर्षं होता की परत करायची वेळ आली असती तर कमिटीला ठेवायला जागा नव्हती.

मग सरकारनं जुनं अनुदान हळूहळू आखडलं आणि नवं काढलं. कुंपणाची निगा राखा, पैसे घ्या. निगा म्हणजे काय, तर दर वर्षी छाटायचं नाही. तीन वर्षं वाढू द्यायचं, पाखरांना फळं राहू द्यायची, खारीउंदरांना घर राहू द्यायचं. गिरणीच्या घरात राहायला आलेल्या शहरी पाहुण्यानं ते लगेच घेतलं. त्याच्याकडे तीन मेंढ्या आणि एक गाढव होतं.

त्या रात्री पबमध्ये मर्व्हिन जे बोलला ते पुढे बरेच महिने लोकांच्या तोंडी होतं. "हात बांधून बसायचे पैसे?" तो म्हणाला होता. "मग मी मेल्यावर तर सरकार मला पेन्शन वाढवून देईल. मेलेल्या माणसाइतकं कुंपण कोण सांभाळणार?" सगळे हसले. डेन्झिल हर्ड सर्वांत मोठ्यानं हसला. डेन्झिल त्याचा शेजारी, वयानं थोडा मोठा, बायको गेल्यापासून एकटा. मर्व्हिननं सत्तरी ओलांडली होती तरी डेन्झिल त्याला 'पोरा' म्हणायचा.

त्यानंतर एका वर्षाच्या आत मर्व्हिननं ते पैसे घेतले.

घेतले, कारण दुसरा मार्ग नव्हता. कोकरांचा भाव पडला होता आणि जुनं अनुदान निम्म्यावर आलं होतं. मॅरियननं, त्याच्या बायकोनं, त्याला स्वयंपाकघरात बसवून हिशेब ऐकवला होता. तिनं वाढवलेल्या रुबी जातीच्या लाल गाई विकायच्या, की कुंपण वाढू द्यायचं. गाई तिच्या होत्या. तिनं त्यांना बाटलीनं दूध पाजलं होतं, आणि मर्व्हिनला नावानं हाक मारताना ती कधी कधी गाईचं नाव घ्यायची.

"घे," तो म्हणाला. "पण कुणाला सांगायचं नाही. चॅपेलमध्ये नाही, बाजारात नाही. तुझ्या बहिणीला तर मुळीच नाही."

"यात लाजण्यासारखं काय आहे? सरकार देतंय, आपण घेतोय."

"तू पबमध्ये नव्हतीस."

"मी नव्हते, पण तू काय बोललास ते मला तीन बायकांनी सांगितलं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यानं ठरवलं. पण कुंपण काही मुठीत झाकता येत नाही. ते मोठ्या रस्त्याला होतं. पबच्या दारातून दिसायचं, चॅपेलच्या पायरीवरून दिसायचं, आणि मे महिन्यात तर ते पांढऱ्या फुलांनी असं लदबदलेलं असायचं की मोटारी थांबवून लोक फोटो काढायचे. मर्व्हिनला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पहिल्या वर्षी त्यानं ट्रॅक्टर बिघडल्याचं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी डेन्झिल पान्यांची पेटी घेऊन दारात उभा. मर्व्हिननं स्वतः आदल्या रात्री काढून ठेवलेली एक नळी डेन्झिलनं पाच मिनिटांत शोधली, बसवली, आणि म्हणाला, "पोरा, तुला यंत्रातलं इतकं कळत नसेल तर घोडा घे. घोड्याला निदान घरचा रस्ता माहीत असतो."

तेव्हा मर्व्हिनला दुसरं कारण काढावं लागलं. ट्रॅक्टर कुणीही उघडून बघू शकतो, खुबा कोण उघडून बघणार? खुब्याचं हाड दुखतं, उभ्यानं काम होतं पण ट्रॅक्टरवर बसवत नाही, असं त्यानं सांगायला सुरुवात केली. पुढे लंगडणंही आलं. बाजारात तो डाव्या पायानं लंगडायचा आणि चॅपेलमध्ये उजव्या. मॅरियननं शेवटी त्याच्या डाव्या बुटात एक वाटाणा टाकून ठेवला. त्याला लक्षात राहावं म्हणून.

एक गोष्ट त्यानं मॅरियनलाही सांगितली नाही. ते कुंपण त्याला आवडायला लागलं होतं. पहाटे मेंढ्या बघायला जाताना तो त्या बाजूनं जायचा, वाट लांबची असूनही. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी पाखरं थव्यानं त्यावर उतरायची आणि लाल फळं खाऊन उडायची. ब्लॅकथॉर्नची निळी फळं त्यानं लहानपणानंतर आपल्या कुंपणावर पाहिलीच नव्हती, कारण दर सप्टेंबरात तोच त्यांना उडवत आला होता. आयुष्यभर आपण नेमकं काय छाटत होतो, असा विचार त्याच्या मनात एकदोनदा आला. पण असले विचार सांगायचे कुणाला? इथं कुणी ते ऐकून घेतले असते, पण पुढची दहा वर्षं परत ऐकवलेही असते.

खुबा दुखतो म्हटल्यापासून लोक त्याची थट्टा करेनासे झाले होते. मर्व्हिनला वाटलं, आपण सुटलो. खरं तर त्याच वेळी त्यानं समजून जायला हवं होतं.

तिसऱ्या वर्षीच्या ऑगस्टअखेर डेन्झिलनं त्याला विचारलं, "डॉक्टर काय म्हणतो?" मर्व्हिन कुठल्याही डॉक्टरकडे गेलेला नव्हता. त्याच्या तोंडून निघून गेलं की शुक्रवारी मोठ्या इस्पितळात बोलावलंय, दोन रात्री ठेवून घेतील. म्हणजे आता शुक्रवारी कुठेतरी जाणं भाग होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तो आणि मॅरियन समुद्रकाठच्या तिच्या बहिणीकडे गेले. जनावरं बघायचं डेन्झिलनं आपणहून कबूल केलं. मर्व्हिन दोन दिवस वाळूत मैलोन्मैल चालला, खेकड्याची सँडविचं खाल्ली, आणि बुटातला वाटाणा त्यानं समुद्रात फेकला.

रविवारी दुपारी ते परतले. वळणावरून त्याला आपलं कुंपण दिसलं.

खोटं कशाला सांगायचं, पहिल्या क्षणी त्याच्या मनात आलं, काय रेघ मारली आहे. पबच्या कोपऱ्यापासून फाटकापर्यंत माथा एकसारखा सपाट. बाजू सरळ, बांधाचं गवतसुद्धा कापलेलं. मग हे कुणाचं कुंपण आहे ते त्याच्या ध्यानात आलं.

अंगणात पाच ट्रॅक्टर उभे होते. शेजारच्या शेतावरचे नॉर्थकॉट बंधू होते, चॅपेलचा खजिनदार होता, आणखी दोघं होते. टेबलावर केक, साय, जॅम, सफरचंदाच्या सायडरचा घडा. मध्ये डेन्झिल हर्ड काठी टेकून उभा. त्याचा गुडघा काही वर्षांपासून कामातून गेला होता, आणि ट्रॅक्टरवरून उतरताना तो दर वेळी शिव्या द्यायचा.

"दोन दिवस लागले," डेन्झिल म्हणाला. "जंगल होतं जंगल. आत एखादा हरवलेला पाद्री सापडेल अशी मला भीती होती."

कुणीतरी हसलं. मर्व्हिन मोटारीतून उतरला आणि लंगडायला विसरला. मॅरियननं त्याचं कोपर चिमटलं, तेव्हा त्यानं एक पाय ओढला. डावा की उजवा, ते त्यालाही कळलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनी दुसरीकडे नजर वळवली. उपकारानं गहिवरलेल्या माणसाकडे बघायचं नसतं.

"बोलू नकोस काही," डेन्झिल म्हणाला. "केक खा."

त्यानं केक खाल्ला. दोन तुकडे खाल्ले.

सकाळी तो एकटाच कुंपणाजवळ गेला. छाटणीच्या यंत्रानं फाडलेली हेझलची टोकं पांढरी पडली होती. रस्त्यावर निळी फळं चाकांखाली चिरडून डांबराला चिकटली होती. बांधाच्या कडेला गवताचं विणलेलं मुठीएवढं एक घरटं पडलं होतं, रिकामं. त्यानं ते उचललं, पुन्हा फांद्यांत अडकवायला गेला, पण अडकवायला काही उरलंच नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट याचं वाटलं की ज्यांनी हे केलं त्यांच्यावर रागावताही येत नव्हतं.

बुधवारी पाहणीला बाई आल्या. असं काही वाईट घडलं की सरकार नेमकं तेव्हाच येतं. मिस फर्नली त्यांचं नाव, वयानं तरुण, पायांत चांगले चिखलाचे बूट. त्या कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि चालत परत आल्या. आवाज त्यांनी अजिबात चढवला नाही.

"मिस्टर एन्डाकॉट, हे या हिवाळ्यानंतर छाटायला मोकळं होतं. थोडंच थांबायचं होतं."

"हो."

"तुम्ही छाटलं?"

गोठ्यातून मॅरियनच्या गाईचं हंबरणं ऐकू आलं.

"हे बघा," मिस फर्नली म्हणाल्या. "तुम्ही छाटलं असेल तर करार मोडला. मागचे सगळे पैसे परत मागतील, आणि ते मला थांबवता येणार नाही. पण तुमच्या नकळत दुसऱ्या कुणी छाटलं असेल, तर फक्त यंदाचं, फक्त या कुंपणाचं अनुदान जाईल. मात्र ज्यानं छाटलं त्यानं तसं सांगायला हवं. दोन ओळी, खाली सही. तुमचा करार होता हे त्याला माहीत नव्हतं, एवढं त्यात यायला हवं."

"म्हणजे त्याला आता ते सांगावं लागेल."

"काय सांगावं लागेल?"

"की माझा करार आहे."

मिस फर्नलींनी त्याच्याकडे पाहिलं. त्या गावच्या नव्हत्या. त्यांना यात अडचण काय आहे ते कळलं नाही. शुक्रवारपर्यंत द्या, एवढं सांगून त्या गेल्या.

स्वयंपाकघरात मॅरियन बटाटे सोलत होती. तिनं सगळं खिडकीतून ऐकलं होतं.

"मीच छाटलं म्हणून सांगतो," मर्व्हिन म्हणाला.

"सांग. आणि मग गाई न्यायला येणाऱ्या ट्रकवर तूच चढव त्यांना. मी नाही चढवणार."

"डेन्झिलला काय वाटेल?"

"डेन्झिलला काय वाटेल," मॅरियन म्हणाली, "याचाच विचार करत तू दोन वर्षं लंगडलास. मी तुझ्याबरोबर खोटं बोलले. खजिनदाराच्या बायकोनं तुझ्यासाठी मला दोनदा सूप आणून दिलं. ते मी खाल्लं. आता जा."

"उद्या जातो."

"आत्ता जा. उद्या तू आणखी काहीतरी काढशील. तुझं डोकं उद्या दुखायला लागेल."

डेन्झिलचं घर एका शेतापलीकडे. मर्व्हिन सरळ चालत गेला, न लंगडता, आणि अर्ध्या वाटेत त्याला जाणवलं की खिडकीतून डेन्झिल बघत असणार. तरी तो तसाच चालला. आता लंगडणं बरं दिसलं नसतं.

डेन्झिल जेवणाच्या टेबलाशी उकडलेलं अंडं खात होता. गुडघा दुसऱ्या खुर्चीवर लांब ठेवलेला.

"काय रे, इस्पितळानं चमत्कार केला की काय?" तो म्हणाला. "दोन रात्रींत पाय नवा?"

"डेन्झिल, माझा खुबा दुखत नाही."

"उतार पडला?"

"कधी दुखलाच नव्हता."

डेन्झिलनं चमचा खाली ठेवला. मर्व्हिन उभाच होता. बसायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्याला बसवलं नसतं.

"त्या कुंपणाचे मला पैसे मिळतात. सरकारचे. न छाटण्याचे. मी घेतले, आणि तुम्हांला कुणाला सांगायचं धाडस झालं नाही. म्हणून आधी ट्रॅक्टर, मग खुबा. आता पाहणी झाली. तू लिहून दिलंस की तुला माहीत नव्हतं, तर करार टिकतो. नाहीतर मॅरियनच्या गाई जातात." तो एका दमात बोलला, कारण थांबला असता तर पुढचं निघालं नसतं.

मर्व्हिनला वाटत होतं की डेन्झिल हसेल. हसावं, दोन शिव्या द्याव्यात, मेलेल्या माणसाची ती पबमधली गोष्ट उगाळावी. त्यासाठी तो मनाची तयारी करूनच आला होता.

"जूनमध्ये मला गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आली होती," डेन्झिल म्हणाला. "सप्टेंबरची. मी ती सोडली. म्हटलं, आपण दोघंही एकदम पडलो तर दोन्हीकडची जनावरं कोण बघणार? तुझा खुबा आधी होऊ दे, म्हटलं."

मर्व्हिननं खुर्चीवर ठेवलेल्या गुडघ्याकडे पाहिलं.

"आता पुढच्या वर्षी देतील म्हणतात. कागद आण."

डेन्झिलनं तिथल्या तिथे दोन ओळी लिहिल्या. अक्षर चांगलं होतं. सही केली, कागद घडी करून टेबलावरून पुढे सरकवला आणि अंड्याचं भांडं बाजूला केलं.

"आणखी काही हवंय का, मिस्टर एन्डाकॉट?" तो म्हणाला.

"डेन्झिल—"

"दार ओढून घ्याल ना? वारा येतो."

करार टिकला. गाई राहिल्या. मिस फर्नलींनी कागद घेतला, आभार मानले आणि तीन आठवड्यांत तसं कळवलं. त्या बाजूनं गोष्ट इथंच संपते.

गावाच्या बाजूनं ती तेव्हा सुरू झाली. डेन्झिलनं ते सगळीकडे सांगितलं की नाही, देव जाणे. बहुधा नॉर्थकॉट बंधूंना सांगितलं असेल, आणि त्यांना सांगणं म्हणजे दवंडी पिटणंच. बाजारात लोक मर्व्हिनला वाट करून देऊ लागले. "या, मिस्टर एन्डाकॉट." "बरं आहे ना, मिस्टर एन्डाकॉट?" पबमध्ये तो शिरला की त्याच्यासाठी जागा रिकामी व्हायची, चांगली, शेकोटीजवळची. त्याच्या कुंपणाबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. सरकारबद्दल काढलं नाही. खुब्याबद्दल तर नाहीच. चॅपेलच्या सुगीच्या जेवणात खजिनदाराच्या बायकोनं त्याला पहिलं ताट वाढलं आणि म्हणाली, "तुम्हांला आणखी लागलं तर जरूर सांगा हं."

घरी येऊन मर्व्हिन म्हणाला, "त्यांनी मला दगड मारले असते तर बरं झालं असतं."

"तुला आता दगडही मागून घ्यावे लागतील," मॅरियन म्हणाली. तिच्याशीही लोक फार चांगले वागत होते. तिला त्यामुळे रात्री झोप लागत नव्हती.

मर्व्हिन रोज पहाटे डेन्झिलच्या गोठ्यात जाऊ लागला. वैरण टाकायची, शेण काढायचं, पाण्याची कुंडी धुवायची. विचारलं नाही, सांगितलंही नाही. पहिल्या दिवशी डेन्झिल दारात येऊन बघून गेला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आभारी आहे." तिसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. पूर्वी शेण काढताना मर्व्हिनचं फावडं भिंतीला लागलं असतं तर डेन्झिलनं त्याच्या आज्यापर्यंतचा उद्धार केला असता. आता एकदा पूर्ण बादली सांडली, तर म्हणाला, "काही हरकत नाही."

महिना तसाच गेला. मर्व्हिन वाळला. त्याला खरोखर खुबा दुखतोय की काय असं वाटायला लागलं, पण ते सांगायची सोय राहिली नव्हती.

नोव्हेंबरातली कुंपण निजवण्याची स्पर्धा यंदा डेन्झिलच्या शेतावर होती. दर वर्षी सेक्रेटरी घरी येऊन म्हणायचा, "यंदा तरी हरशील का? आम्हांला नवा चेहरा बघायचाय." यंदा तो आला नाही. मर्व्हिननं चांदीचा कप पिशवीत घालून एक दिवस त्याच्या दारात ठेवला. सेक्रेटरीनं चिठ्ठी पाठवली, कप चकचकीत ठेवल्याबद्दल धन्यवाद.

"मी जात नाही," स्पर्धेच्या सकाळी मर्व्हिन म्हणाला.

"मग मी एकटी जाते आणि तू का आला नाहीस ते लोकांना सांगते. काय सांगू? खुबा?"

तो गेला. ओल्या गवतात मोटारी लागल्या होत्या, सायडर आणि भाजक्या डुकराचा वास सुटला होता, लांबवर कुंपणाच्या रेषेत माणसं आपापल्या तुकड्यासमोर कोयते पाजळत उभी होती. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला खुंटी, खुंटीवर आकडा आणि नाव. फाटकाशी नॉर्थकॉट बंधूंपैकी थोरला होता. "या, मिस्टर एन्डाकॉट," तो म्हणाला. "आपण आलात, बरं वाटलं." मर्व्हिन फाटकालाच टेकून उभा राहिला. आतापर्यंत तो या वेळी पहिलं खोड निजवून झालेला असायचा.

ध्वनिक्षेपक डेन्झिलच्या हातात होता. गुडघ्यामुळे स्पर्धेत उतरता येत नाही, म्हणून त्याला ते काम. तो एकेक आकडा आणि नाव पुकारत चालला होता. काठीवर भार देऊन, दर नावाला थांबत.

"तुकडा अकरा," तो म्हणाला, आणि थांबला. "मिस्टर मर्व्हिन एन्डाकॉट."

मर्व्हिननं मान वर केली. कुंपणाच्या पार शेवटी, सगळ्या खुंट्यांच्या पलीकडे, बांधासमोर गवतात स्वयंपाकघरातली एक लाकडी खुर्ची ठेवलेली होती. तिच्यावर उशी. उशीला अकरा आकडा टाचलेला.

"मिस्टर एन्डाकॉट यंदा विशेष गटात आहेत," डेन्झिलचा आवाज अख्ख्या शेतावर घुमला. "त्या गटात ते एकटेच आहेत. त्यांनी दिवसभर अकरा नंबरच्या तुकड्याला हात लावायचा नाही. कुणीही त्यांच्या हातात कोयता देऊ नये. तो त्यांच्या हातात दिसला तर सरकारचं नुकसान होईल, आणि ते आपल्या करातून भरावं लागेल."

आधी धाकटा नॉर्थकॉट हसला, मग थोरला, मग सगळं शेत. खजिनदाराची बायको डुकराच्या शेकोटीमागे एप्रनात तोंड खुपसून हसत होती. मॅरियन हसत नव्हती. ती नाक पुसत होती.

"चल पोरा," डेन्झिल म्हणाला. "पाय चांगले आहेत ना? का तिथपर्यंत ट्रॅक्टर पाठवू?"

मर्व्हिन चालायला लागला. सगळ्या लोकांसमोरून, सगळ्या खुंट्यांसमोरून. वाटेत प्रत्येक जण काहीतरी बोलला. कुणी विचारलं, डावा की उजवा. कुणी विचारलं, सुट्टीच्या दिवशी बसायला जादा दर आहे का. मेल्यावर पेन्शन किती धरली आहे, तेही कुणीतरी विचारलं. त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं पावलं मुद्दाम हळू टाकली. तो खुर्चीत जाऊन बसला आणि समोरच्या न छाटलेल्या कुंपणाकडे बघत राहिला.

दुपारी डेन्झिल काठी टेकत तिथवर आला. त्याच्या हातात सायडरचे दोन मग होते आणि त्यातलं अर्धं त्याच्या बाहीवर सांडलं होतं. एक मग त्यानं मर्व्हिनला दिला आणि तिथंच उभा राहिला, सगळा भार चांगल्या पायावर घेऊन. पलीकडच्या तुकड्यावर कुणीतरी खोड फारच वर कापलं, त्यावर तो दोन वाक्यं बोलला.

मर्व्हिन उठला. "तू बस इथं," तो म्हणाला. "तुझा गुडघा खरा आहे."

डेन्झिलनं त्याला खांद्याला धरून परत खाली बसवलं.

"मला कोण देतंय बसायचे पैसे?" तो म्हणाला.